ओ दिली की जावं लागतं

तुमच्या या सदरातले अनुभव माझी नात मला वाचून दाखवते. दुपारची जेवणं आटोपली की ती मोबाईल घेऊन बसते आणि मी सुपारी कातरत ऐकते. खरं सांगू का... निम्म्या गोष्टींना मला हसू येतं. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, उलटे पाय, पिंपळावरचा आवाज — माझा नाही बाई विश्वास. माझा बाप तलावातले मासे राखायला पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसायचा आणि तलावाला लागूनच गावाचं स्मशान. घरात कोणी भुताचं नाव काढलं की तो म्हणायचा, "मले तं आजवर एकबी नाई भेटलं. तुमालेच काऊन भेटते?" अशा घरात मी वाढले. देवाला हात जोडते, बाकी कोणाला नाही. तरी हे सांगते आहे, कारण हे कोणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते. नात टाईप करते आहे, मधेमधे माझी भाषा सुधारते आणि मी तिला परत पहिल्यासारखी करायला लावते.

ठिकाण सांगते. वैनगंगेचा काठ, चांद्याकडची, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडची बाजू. पलीकडे गडचिरोली. तेव्हा दोन्ही मिळून एकच चांदा जिल्हा होता. साल विचारू नका, पण मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि मी लग्न होऊन नवीन नवीनच आले होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून आमची माणसं आहेत. आमचं घर ढिवराचं. मासे धरायचे आणि डोंगा चालवायचा. डोंगा म्हणजे आख्खं खोड कोरून केलेली होडी. पूल कुठला तेव्हा? बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला जी माणसं नदी ओलांडायची ती आमच्या डोंग्यातून. उन्हाळ्यात खालच्या अंगाला उतार व्हायचा, लोक गुडघाभर पाण्यातून चालत जायचे. पण आमच्या घाटासमोर डोह होता, तिथलं पाणी चैत्र-वैशाखातही काळंच दिसायचं. मी तलावाच्या गावची. वाहत्या पाण्याची मला पहिल्यापासून धास्ती.

घरात आम्ही तिघंच. मी, माझा नवरा आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे असंच म्हणतात. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या.

मामाजींची सगळी उमर डोंग्यावर गेली. मी आले तेव्हा ते चांगले होते हो. मला मासा सोलायला त्यांनीच शिकवलं, कारण मी सोलताना अर्धा फेकून द्यायची. मग हळूहळू विसरायला लागले. आधी चिलीम कुठे ठेवली ते. मग जेवलो की नाही ते. मग घर. एकदा शेजारणीच्या चुलीपुढे जाऊन बसले आणि ती वाढत नाही म्हणून तिच्यावरच रागावले. आता याला डिमेन्शिया म्हणतात म्हणे. तेव्हा लोक म्हातारचळ म्हणायचे. कोणी म्हणे, बाहेरचं आहे, पुजाऱ्याला दाखवा. दाखवलं. त्याने कोंबडी खाल्ली आणि गेला. मामाजी होते तसेच.

शेवटी शेवटी ते मला त्यांची मोठी बहीण समजायला लागले. 'बाई' म्हणायचे. मी म्हटलं, ठीक आहे, बहीण तर बहीण. सुनेकडून आंघोळ घालून घ्यायला त्यांना लाज वाटायची, धोतर ओलं झालं की कोपऱ्यात दडून बसायचे. बहिणीला मात्र मुकाट्याने पाठ चोळू द्यायचे. हात इतके थरथरायचे की पेजेची वाटी धरता येत नव्हती. मी भरवायची. कानही जड झाले होते, अगदी कानाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं. कधी चिडायचे, कधी मला ढकलून द्यायचे, मीही कधीकधी ओट्यावर बसून रडायची. पण हे सगळं एक वेळ जमत होतं. नवऱ्याचं बघवत नव्हतं.

कारण मामाजी आपल्या मुलालाच पाहुणा समजत. हे घरात आले की म्हातारा उठून उभा राहायचा, आपली घोंगडी पुढे सरकवायचा. "या जी, बसा. कुठचे तुमी?" हे म्हणायचे, "बा, मी हाय ना. तुहा पोरगा." तर मामाजी हसायचे. "पोरगा? माहं तं लगनच नाई झालं जी अजून." मी चुलीपाशी तोंड फिरवायची. एकदा हे मला म्हणाले, "घरी येऊच वाटत नाई. एक डाव, एकच डाव मले ओळखन त पुरे." मग मीही तेच मागायला लागले देवाला. म्हातारा बरा होऊ दे असं नाही, तेवढं तर मलाही कळत होतं. एकदा मुलाला मुलगा म्हणू दे.

आता हाकेचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पलीकडच्या काठावर माणूस आला की तो ओरडायचा, "डोंगा ओ...". इकडून आम्ही ओ द्यायची, "आलो ओ...". आणि एकदा ओ दिली की जायचंच. जेवत असाल तर ताटावरून उठून. कारण ओ ऐकली की तो माणूस तिथे निवांत बसतो. उताराकडे जात नाही, दुसरी सोय बघत नाही. तुम्ही गेला नाहीत तर त्याला जंगलात अंधार होणार, आणि पलीकडचं जंगल वाघाचं. म्हणून आमच्या घरात लेकरानेसुद्धा खेळात ओ दिली तर मार खायचं. जायचं नसेल तर गप्प राहा, पण ओ देऊन बसू नका. मामाजींनी मला नवी नवरी असताना हे पहिलं शिकवलं होतं.

सगळं विसरले तरी मामाजी हाक विसरले नव्हते. मधेच ताठ बसायचे. "हाक आली." पलीकडे काळं कुत्रंही नसायचं. आधी आम्ही समजावायचो, कोणी नाही, भास झाला. त्यावर ते चवताळायचे, नदीकडे धावायचे, दोनदा पाण्यात पडता पडता राहिले. मग मला एक युक्ती सुचली. त्यांनी हाक आली म्हटलं की मीच ओ द्यायची. मोठ्याने, "आलो ओ...". आणि थोड्या वेळाने सांगायचं, "गेले ते. उतारानं गेले." की म्हातारा शांत. यांना ते आवडलं नव्हतं. म्हणाले, "अशी ओ देऊन नको ठेवू वो. बरं नसते थे." मी म्हटलं, "मंग तुमीच समजवा आपल्या बा ले." दुसरा इलाज त्यांच्याकडेही नव्हता.

तर तो चैत्र होता. मोह पडायला लागला होता. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत गावात माणूस उरत नाही, पहाटेच टोपल्या घेऊन सगळे उतारावरून पलीकडे. जंगलातली झाडं घराघराची ठरलेली असतात, कोणी कोणाच्या झाडाखालचं फूल उचलत नाही. आमचं झाड सगळ्यांपासून लांब होतं, नदीच्या वरच्या अंगाला, एका नाल्याच्या कडेला. हे एकटेच जायचे. फुलं वेचून झाली की तिथेच नाल्यात गळ टाकून बसायचे, म्हणून यायला उशीर झाला तरी कोणी काळजी करत नसे. डोंगा इकडच्या घाटावर बांधलेला, कारण उतार झाल्यावर डोंग्याला विचारतं कोण?

त्या सकाळी मी मामाजींना आंघोळ घातली, पेज भरवली, ओट्यावर सावलीत बसवलं. ऊन चांगलं चढलं होतं. मी त्यांचं धोतर पिळत होते. मामाजी म्हणाले, "हाक आली."

मी मानही वर केली नाही. सवयीने ओरडले, "आलो ओ...". आणि जरा थांबून, "गेले ते. उतारानं गेले."

"नाई गेला," मामाजी म्हणाले. "पडला हाय थो."

"कोण पडला?" मी ओरडून विचारलं.

"माहा सोमा."

धोतर माझ्या हातातून मातीत पडलं. दीड-दोन वर्षांत त्या तोंडातून हे नाव निघालं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. बहीण वगैरे सगळं विसरून मोठ्याने विचारलं, "कोणाचं नाव घेतलं, मामाजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कसं सांगू... रोज ते पाहायचे ते माझ्या पलीकडे कुठेतरी. त्या दिवशी माझ्याकडेच पाहिलं. म्हणाले, "सोमा ना वो. तुहा नवरा."

आणि उठून चालायला लागले. धरून न्यावं लागणारा माणूस घाटाच्या उतरणीवरून असा गेला की मला मागे पळावं लागलं. शेजारची म्हातारी ओरडली, "अव, बुडवन थो तुले. धर त्याले." मी त्यांचा दंड धरला. ते थांबले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ओ कोणं देल्ली? तुवाच देल्ली ना? मंग? ओ देल्ली का जावं लागते."

ओ मीच दिली होती.

मी डोंग्यात बसले. डोंगा हलला की मी दोन्ही हातांनी कडा धरायची. मामाजी मागे उभे राहिले, बांबू पाण्यात टाकला आणि आम्ही निघालो. वाटी धरता न येणारे ते हात... एक थेंब माझ्या अंगावर उडाला नाही. डोहावर पाणी इतकं शांत होतं की बांबू वर निघताना गळणारं पाणी ऐकू येत होतं. हाताची सवय असते, डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, असं माझा डॉक्टर नातजावई सांगतो. असेल. ते मी मान्य करते.

पण ते समोर गेले नाहीत. समोर पलीकडचा घाट होता, जिथून हाक येते, जिथे आयुष्यभर डोंगा लागला. त्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वरच्या अंगाला वळले. नदी तिथे मोठं वळण घेते, वळणामागचं आमच्या काठावरून काही दिसत नाही. मी म्हटलं, "मामाजी, इकडे कोणी नाई उतरत." वळण घेतलं, नाल्याचं तोंड आलं, डोंगा रेतीला लागायच्या आधीच म्हातारा पाण्यात उतरला होता.

हे तिथे पडले होते. हात पाण्यात, अंग रेतीवर. अस्वलाने धरलं होतं. मोहाच्या दिवसांत अस्वलंही झाडाखाली येतात आणि त्यांचा पंजा आधी तोंडावरच पडतो. एका बाजूचा गाल नव्हताच म्हणा ना. जबडा लोंबत होता. मी त्यांना सदऱ्याला लावलेल्या ठिगळावरून ओळखलं, ते ठिगळ मीच लावलं होतं. शुद्ध नव्हती. श्वास होता, घरघरत.

मामाजी खाली बसले, यांचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीने पाणी घेऊन रक्त पुसायला लागले. आणि म्हणाले, "आलो ना बापू. ओ देल्ली होती ना. आलो ना मी."

माझ्या अंगावर काटा आला. आत्ता सांगतानाही येतो, नातीला हात दाखवला मी. आजूबाजूला सगळं रान गप्प होतं. मोहाचा गोड वास आणि रक्ताचा वास, आणि तो म्हातारा मुलाच्या कपाळावरून हात फिरवतो आहे. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, दिलंस रे... पण असं कशाला दिलंस?

त्यांना डोंग्यात कसं उचललं ते मला सांगता येणार नाही. अर्धा भार माझा होता, अर्धा मामाजींचा, एवढं आठवतं. मी त्यांचं डोकं धरून बसले, पदर गालात दाबून. मामाजींनी डोंगा फिरवला.

वळण ओलांडलं आणि डोहाच्या मधोमध बांबू थांबला. मी वर पाहिलं. मामाजी डोंग्यात पडलेल्या माणसाकडे बघत होते आणि त्यांचे डोळे पुन्हा रोजच्यासारखे झाले होते.

"बाई," ते म्हणाले, "हे पाहुणे कोण जी? भल्लं लागलं यायले."

डोंगा वाहायला लागला. आता हा माणूस बांबू चालवायचंही विसरला तर आम्ही तिघंही गेलो, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी आवाज नीट केला आणि मोठ्याने म्हटलं, "पलीकडचे हायत. आपण ओ देल्ली होती ना, त्यायले घेऊन चाललो."

"बरं, बरं," मामाजी म्हणाले. "ओ देल्ली का न्यावं लागते." आणि बांबू पाण्यात टाकला.

पुढचं सगळं लोकांनी केलं. उतारावरून परतणारी माणसं धावली, बैलगाडी जुंपली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, अजून थोडं रक्त गेलं असतं तर माणूस हातचा गेला होता. टाके पडले, जबडा कायमचा तिरपा झाला, बोलणं बोबडं झालं. पण जगले.

आता तुम्ही म्हणाल तेच गावानेही म्हटलं. जखमी माणूस ओरडला असेल, पाण्यावरून आवाज लांब जातो, म्हाताऱ्याने ऐकला. मलाही तेच हवं होतं हो, सरळ काहीतरी. म्हणून दिरांनी — चुलत दीर माझे, आवाज असा की बैल बुजावेत — त्या नाल्याच्या तोंडाशी उभं राहून जीव खाऊन हाका मारल्या. मी आमच्या ओट्यावर बसले होते, चांगल्या कानांची. मला काही ऐकू आलं नाही. शेजारणीलाही नाही. आणि मामाजींच्या तर कानात ओरडावं लागायचं.

बरं, ओरडायला तोंड कुठे होतं? यांना बोलता यायला लागल्यावर मी पहिलं तेच विचारलं. ते म्हणाले, "हाक मारायले जबडा लागते वो. मी सरपटत पाण्यापातुर आलो, मंग काई माईत नाई."

"मनात तरी बा ले बलावलं असन?"

त्यांनी मान हलवली. "नाई. खरं सांगतो, तुही आठवण आली. माय आठवली. बा ले बलावून काय फायदा होता? बा कुठी होता मले ओळखत?"

म्हणजे त्यांनी हाक मारलीच नव्हती. मनातसुद्धा नाही.

दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मामाजी ओट्यावर होते. तोंडाला फडकं बांधलेला माणूस बघून उठले, घोंगडी सरकवली. "या जी पाहुणे, बसा. तोंडाले काय झालं?"

मी दारातच थांबले. हे त्यांच्याशेजारी बसले आणि कानाशी वाकून म्हणाले, "अस्वलानं धरलं होतं."

"अरे बापा. मंग? कोणं आणलं तुमाले?"

"माह्या बा नं."

मामाजींनी मान डोलावली. यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरा हाय जी तुमचा बा."

"हव जी," हे म्हणाले. "लय बरा हाय."

त्यानंतर ते कधी म्हणाले नाहीत की घरी येऊ वाटत नाही. बापाला भरवायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. पाहुणा होऊनच भरवायचे. "तुमी घ्या जी आधी," "नाई जी, तुमी घ्या," असं दोघांचं चालायचं आणि पेज थंड व्हायची. मामाजी त्यानंतरचा पावसाळा काढून गेले. मुलाचं नाव त्यांनी परत घेतलं नाही. आणि मी शपथेवर सांगते, त्या दिवसानंतर त्यांना एकही हाक ऐकू आली नाही.

पण एक राहिलंच. दवाखान्यातून आल्या दिवशी जेवणं झाल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बा काय म्हणला थे सांग."

मी म्हटलं, "सांगतलं ना. म्हणले, पोरगा पडला हाय."

"तसं नाई. त्यानं म्हणलं तसंच सांग. मी नाई ना ऐकलं वो. तू एकटीनंच ऐकलं."

आता आमच्या वेळी नवऱ्याचं नाव बायको घेत नसे. उखाण्यातसुद्धा लाजत लाजत. मी इकडे तिकडे पाहिलं. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, फडक्यातून अर्धाच चेहरा दिसत होता. मी मान खाली घातली आणि मामाजी म्हणाले होते तसंच, त्याच आवाजात म्हटलं, "माहा सोमा."

ते रडले. मग म्हणाले, "अजून एक डाव."

आयुष्यभर त्यांनी मला ते म्हणायला लावलं, रोज नाही, पण मन भरून आलं की. आम्ही म्हातारे झालो, चंद्रपूरला मुलाकडे राहायला आलो, तरीही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. हाक कोणी मारली, हे त्यांना कळलं नाही, मलाही कळलं नाही. मी फक्त ओ दिली होती, तीही खोटी.